मांडीवरचा गाळ

हेमाच्या विद्यार्थिनीचा, निलोफरचा फोन आला तेव्हा मी भाकरीसाठी उकड काढत होते. "बाई, मॅडमना प्रयोगशाळेत चक्कर आली. आम्ही त्यांना पनवेलला घेऊन निघालोय," एवढंच ती म्हणाली. अलिबागहून आम्ही नवरा-बायको पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. ते इतक्या शांतपणे सांगत होते की मला त्यांचा रागच आला. हेमा माझी धाकटी नणंद. कॉलेजात डॉक्टर हेमलता, विद्यार्थ्यांची मॅडम, आणि आमच्या घरात शेवटपर्यंत हेमी. आजारपण तिला ठाऊक नव्हतं. सर्दी झाली तर ती सर्दीवरच चिडायची आणि कामाला निघायची. त्या दिवशीही तशीच निघाली असणार.

पनवेलहून उरणपर्यंत तिला ॲम्ब्युलन्समधून आणलं. तो रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पुढे कंटेनरचे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि मध्ये खड्डे. मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसले होते. एक मोठा गचका बसला तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, "हळू चालवा हो, तिला धक्के बसतायत." तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने वेग कमी केला आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत आम्ही घरी आलो. आता काय फरक पडतो, हे मलाही कळत होतं. पण जी बाई तपासायला आणलेल्या नळीतल्या मातीलासुद्धा धक्का लागू देत नसे, तिला असं हादरवत नेणं मला सहन होईना... मी तेव्हा रडले नाही, ड्रायव्हरवर लक्ष ठेवून बसले.

मी लग्न होऊन उरणजवळच्या त्या घरात आले तेव्हा हेमा शाळेत होती. घर आगऱ्यांचं, मिठागरावर जगणारं. पाऊस संपला की मिठाचे वाफे तयार करायचे दिवस यायचे. मी अलिबागच्या कारकुनाची मुलगी, मला वाटे वाफा म्हणजे नुसतं बांध घालून पाणी सोडायचं. पण आधी त्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. बायका एका रांगेत, एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून, एका तालात पाय आपटत सरकत जात. गंमत अशी की घट्ट व्हायच्या आधी तो तळ पातळ होई. पायाखाली बरी वाटणारी जमीन थोड्या वेळात लिबलिबीत व्हायची आणि वर पाणी चकाकायचं. मग सगळ्यांनी बाहेर यायचं, पाणी उतरू द्यायचं, आणि पुन्हा तुडवायचं. हेमाने एकदा माझ्यासमोरच सासूबाईंना विचारलं होतं की घट्ट जमीन तुडवली तर ती पातळ का होते, वर पाणी कुठून येतं? सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघितलं. "पानी वर आला का थांबाचा, मंग त्याची उतराची वाट बगाची. इचारतेस कनाला?" त्या म्हणाल्या. हेमा पाय आपटायला लागली, पण उत्तर मिळालं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पुढे बंदर आलं, आमच्याकडची मिठागरं गेली, भाऊबंद ट्रकच्या धंद्यात शिरले. हेमा मात्र तोच प्रश्न घेऊन इंजिनिअर झाली, त्यावरच डॉक्टरेट केली आणि उरणच्या अलीकडच्या एका कॉलेजात मातीच्या प्रयोगशाळेची प्रमुख होऊन बसली.

तिचा विषय मला तिनेच समजावला, तोही माझ्याच स्वयंपाकघरात. वाळूचं बहुतेकांना माहीत असतं, ती म्हणायची. ओली, सैल वाळू भूकंपात हादरली की तिचे कण एकमेकांना सोडतात, सगळा भार मधल्या पाण्यावर येतो आणि जमीन काही वेळापुरती पातळ होते. तेवढ्या वेळात वरचं घर रुततं किंवा कलंडतं. चिकणमाती चिकट, ती सहसा असं करत नाही. पण गाळ धड वाळू नाही आणि धड चिकणमातीही नाही. तो कधी कसा वागेल ते नुसतं बघून सांगता येत नाही, आणि आपला सगळा किनारा खाडीने आणून टाकलेल्या गाळावर वसलेला. म्हणून तपासायचं. जमिनीतून नळीने हलकेच काढलेला मातीचा गोल ठोकळा रबराच्या पातळ पिशवीत घालायचा, पारदर्शक भांड्यात पाण्याच्या दाबाखाली उभा करायचा, आणि मशीनने तो दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा... भूकंप जमिनीला हलवतो तसा. आतलं पाणी किती जोर धरतंय ते शेजारच्या पडद्यावर दिसत राहतं. हे सांगता सांगता तिने माझं तांदळाचं भिजवलेलं पीठ तळहातावर घेऊन चपटं केलं आणि दुसऱ्या हाताने त्या हाताला टपटप मारलं. पिठावर पाणी येऊन ते चकाकलं. मग बोटांनी दाबल्यावर चकाकी गेली, पीठ कोरडं दिसायला लागलं. "बघ वहिनी, गाळ असाच करतो. चिकणमाती ढिम्म राहते," ती म्हणाली. हा खेळ ती जाईल तिथे करायची. कुंडीतल्या मातीशी, शेताच्या बांधाशी, एकदा तर भाचीच्या लग्नात शेवयांच्या पिठाशी. भाकरी मात्र तिला जन्मात गोल थापता आली नाही, हे मी तिला शेवटपर्यंत ऐकवत होते.

आता शाळेबद्दल. मी रेवसच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात मुख्याध्यापिका होते. शाळेची जुनी इमारत भिंतींना तडे जाऊन बंद करावी लागली आणि मुलं देवळाच्या सभामंडपात बसायला लागली. एका कोपऱ्यात पहिली, दुसऱ्या कोपऱ्यात चौथी, आणि मध्ये कुणाचा नवस फेडायला आलेली माणसं. नवी दुमजली इमारत मंजूर झाली, वादळात गावाला वर चढून बसता येईल अशी. जागा दामूअण्णांनी दिली. दामूअण्णा म्हणजे गावातले सगळ्यात जुने शेतकरी. खाडीला बांध घालून त्यांच्या आजोबांनी काढलेली ती जमीन त्यांनी आपल्या गेलेल्या बायकोच्या नावाने शाळेला दिली होती. तिला स्वतःला शाळा मिळाली नाही, ही त्यांची खंत होती. मातीची तपासणीही झाली आणि जमीन चांगली आहे असा अहवाल आला. मी आनंदाने हेमाला फोन केला. तिने अहवालातलं काहीच विचारलं नाही. नमुने इथून तिथे गेले कसे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, टेम्पोने, आणखी कसे? आडवे ठेवले होते का? होते. दोरीने बांधले होते का? मला वाटतं नव्हते, वाटेत खडखडत असतील. मग म्हणाली, "वहिनी, त्या मातीचा भूकंप रस्त्यातच होऊन गेला. लॅबमध्ये पोचली ती वेगळीच माती."

सैल गाळ हादऱ्यांनी बसतो, घट्ट होतो. वाफा तुडवल्यासारखाच. तपासणीवाल्यांनी काही लबाडी केली नव्हती. त्यांच्या मशीनने समोर आलेल्या मातीचं खरंच सांगितलं होतं, फक्त ती माती आमच्या शाळेखाली नव्हती. आपल्याकडचे रस्ते इतके वाईट आहेत की ते मातीलासुद्धा सुधारतात, असं हेमा पुढे कित्येकदा म्हणाली आणि दर वेळी स्वतःच हसली. मला त्या दिवशी हसू आलं नाही. पावसाळा सरला होता, बांधकाम सुरू व्हायचं होतं, आणि ही बया म्हणत होती की नमुने पुन्हा काढायचे. कोयनेकडचा एखादा धक्का भांडी वाजवून जातो, यापलीकडे आमच्या गावाने भूकंप बघितला नाही, असं मी तिला सुनावलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी नळ्या घेऊन दारात उभी राहिली.

ते नमुने कसे नेले, ते सांगायलाच हवं. नळी जमिनीत ठोकायची नाही, सावकाश दाबायची. काढली की दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची. मग ती जमिनीत होती तशीच उभी ठेवायची, शेवटपर्यंत. गाडीरस्त्याने न्यायची नाही. गावातून होडीने रेवसच्या धक्क्यावर, तिथून लाँचने करंजाला, आणि पुढचा थोडासा रस्ता हेमा स्वतः गाडी चालवणार, मागून कुणी कितीही शिव्या घालो. सासूबाईंच्या हातची जुनी गोधडी तिने बरोबर आणली होती. लाँचमध्ये इंजिनापासून लांब, पुढच्या फळीवर आम्ही दोघी बसलो. मांडीवर गोधडीची घडी, त्यात उभी नळी, आणि भोवती दोन्ही हात. खाडीच्या मध्यावर समोरची कोळीण बराच वेळ बघून शेवटी म्हणाली, बाय, काय हाय गो त्यात? हेमा तिला हळूच म्हणाली, "झोपलंय. हलवू नका." कोळणीने आपली टोपली मुकाट मागे ओढली आणि शेजारणीलाही गप्प केलं. उतरेपर्यंत आमच्याभोवती कुणी मोठ्याने बोललं नाही. मला मेलीला हसू दाबता दाबता नळी सांभाळणं कठीण झालं होतं.

त्या मातीच्या परीक्षेच्या वेळी मी प्रयोगशाळेत होते. निलोफर मशीनपाशी उभी होती. ती बोर्ली पंचतनची, हेमाच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी. राखाडी ठोकळा पाण्यात उभा होता आणि मशीन त्याला दाबत होतं, सोडत होतं. सुरुवातीला काहीच दिसेना. मग आतल्या पाण्याचा दाब दाखवणारी रेघ पायरी पायरीने वर सरकायला लागली. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो ठोकळा कमरेत वाकला, फुगला आणि बसला. मोठ्या भूकंपाचीही गरज नव्हती, मध्यम धक्क्यातच तो गेला. हेमाने मशीन बंद केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, ह्याच्यावर तुझी मुलं बसणार होती." मला तिचा राग आला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. येताना लाँचमध्ये मी वर्गातलं एकेक नाव आठवत बसले.

गावाला हे सांगायची सभा देवळातच झाली. मुलं त्यासाठी बाहेर ओट्यावर बसवली. हेमाने जमिनीत एकमेकांजवळ दगडांचे उभे खांब भरायचा उपाय सांगितला. बोअर पाडायचं, दगड ठासून भरायचे. त्याने मधला गाळ दाबला जाईल, आणि धक्का बसलाच तर पाण्याला वर यायला वाट मिळेल. मग पुन्हा नमुने काढायचे, तपासायचे, आणि पास झाले तरच पाया. म्हणजे काम एका हंगामाने तरी पुढे गेलं. लोक कुरकुरले. दामूअण्णा काठीवर हनुवटी ठेवून सगळं ऐकत होते. ते उठले. "माझे आज्यानं खाडीतशी काढलेली जमीन. ती वंगाल हाय, आसा बोलतेस, पोरी?" मला वाटलं संपलं आता, हे जागा परत घेणार. हेमाने त्यांना मशीनचं काही सांगितलं नाही. तिने विचारलं की इथे मिठागरावर काम केलेल्या बायका किती आहेत. म्हाताऱ्या म्हाताऱ्या हात वर झाले. "मग चला," ती म्हणाली, आणि चपला देवळापाशीच सोडून चालायला लागली.

दामूअण्णांच्या जमिनीवर तेव्हा भाताची कापणी झालेली होती, वरून चालताना पायाला टणक लागत होतं. एका बाजूला वरचा कडक थर फावड्याने काढला आणि बायका रांगेत उभ्या राहिल्या. खांद्यांवर हात, आणि मध्ये पदर खोचून हेमा. कित्येक वर्षांत कुणी वाफा तुडवला नव्हता, पण ताल लगेच सापडला. धप्, धप्, धप्... थोडा वेळ काहीच झालं नाही आणि बघणारे पुरुष चेष्टा करायला लागले. मग रांगेतली एक म्हातारी थबकली. "आगो, ही तं डुलते," ती म्हणाली. पायाखालची जमीन खरंच डुलत होती. तुडवलेल्या पट्टीवर पाणी चकाकलं. हेमा पुढे झाली, दामूअण्णांच्या हातातली काठी मागून घेतली आणि नुसती सोडून दिली. काठी आपल्या वजनाने आत गेली आणि तशीच उभी राहिली. जमीन वाईट नाही अण्णा, हेमा त्यांना म्हणाली, हिला फक्त कुणी अजून नीट तुडवलेलं नाही. म्हाताऱ्याने काठी उपसली, पदराने पुसावी तशी धोतराने पुसली आणि म्हणाला, "दगड माझे डोंगरीचे घे." काम पुढे गेल्याचा राग मला तरीही होताच, आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही. मुलं आणखी एक पावसाळा सभामंडपात बसली, तिथली गळती त्यांच्या डोक्यावर पडली, हे मी तिला फोनवर रोज ऐकवलं. ती म्हणायची, ऐकव, पण पाया मी सोडणार नाही.

दगडांचे खांब भरून झाले. तोवर मी निवृत्त झाले होते, तरी गाव मलाच फोन करत होतं. खांबांच्या मधल्या गाळाचे नवे नमुने काढायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात निलोफरचा तो फोन आला...

दिवसकार्य उरकलं आणि कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, मॅडम गेल्या, वाईट झालं, पण आता नमुने आपण टेम्पोने पाठवून देऊ, कागद तर लागतोच. मी त्याला काय बोलले ते इथे छापता येणार नाही. मी उरणच्या घरी गेले, हेमाच्या खोलीतली गोधडी खांद्यावर टाकली, आणि निलोफरला रेवसला यायला सांगितलं. नळ्या तिने हेमाच्या पद्धतीने काढल्या. सावकाश दाबून, तोंडं मेणाने बंद करून. दामूअण्णा होडीपर्यंत आले होते, होडीवाल्याला त्यांनीच दम भरला. खाडी त्या दिवशी जरा उसळलेली होती. लाँचमध्ये दोघी पुढच्या फळीवर, मांडीवर एकेक नळी. माझे हात दुखायला लागले, पण मी पकड बदलली नाही. ॲम्ब्युलन्समधल्यासारखेच दुखत होते. फरक इतकाच की या वेळी काळजी घेऊन उपयोग होणार होता.

मशीन सुरू झालं. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. रेघ वर चढली, पण हळू, आणि मग एका उंचीवर रेंगाळली. मागच्या वेळी ठोकळा जिथे बसला होता ती जागा कधीच मागे पडली. शाळेसाठी जेवढं पुरे होतं तेवढंही होऊन गेलं. ठोकळा उभा होता. मी निलोफरला म्हटलं, झालं ना गं, कर आता बंद. तिने नाही म्हणून मान हलवली. डोळे पुसले आणि म्हणाली, "मॅडम इथे थांबायच्या नाहीत, बाई. माती कुठे हरते ते बघितल्याशिवाय पास म्हणायच्या नाहीत." म्हणून आम्ही बसलो. ज्या स्टुलावर हेमा बसायची ते निलोफरने माझ्याकडे सरकवलं. मी बसले. बाहेर ऊन कललं, मशीन चालू राहिलं, आणि मला पहिल्यांदा ती गेल्यापासून मनसोक्त रडू आलं. कोणी मला गप्प केलं नाही. शेवटी ठोकळा वाकला, केव्हातरी वाकणारच होता. निलोफरने मशीन बंद केलं, आणि मी तिथूनच दामूअण्णांना फोन करून सांगितलं की पाया खणायला घ्या.

आता भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत. खाडीकाठच्या आणखी एका गावाने, आधीच्या तपासणीवर विश्वास न ठेवता, आपल्या दवाखान्याच्या जागेचे नमुने पुन्हा काढायला सांगितले. निलोफरला आता कॉलेजात वर्ग घ्यायचे असतात, म्हणून नळ्या आणायला परवा मीच गेले होते. आमचे हे म्हणाले, या वयात हे काय? मी म्हटलं, तुमच्या बहिणीला विचारा. गोधडीवर मागच्या नळ्यांच्या बुडांचे मातकट गोल उमटलेत. ते मी धुतलेले नाहीत, आणि नवी नळी बरोबर त्यातल्याच एका गोलावर उभी राहते. लाँच करंजाच्या दिशेने वळली तेव्हा समोरच्या बाकावरची एक मुलगी कॉलेजची पिशवी आवरत माझ्याकडे वाकली. आजी, काय आहे ओ त्यात? मी नळीभोवतीचे हात जरा घट्ट केले.

"झोपलंय," मी म्हटलं. "हलवू नकोस."